सैन्यातले पंडितजी, मौलवी, पाद्री 'नायब सुभेदार' कसे होतात? आणि हॉस्पिटलमध्ये असं कोणी का नसतं?

नागपूरकर सेमिनरी हिल्सवर फिरायला जातात, मुलांना बालोद्यानात नेतात, जपानी गार्डनमध्ये फोटो काढतात. पण या टेकडीच्या नावातलं 'सेमिनरी' म्हणजे काय, हे अनेकांना माहीत नसतं. सेमिनरी म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणारी संस्था. सेंट चार्ल्स सेमिनरी या टेकडीवर आजही चालते.

नागपूर जिल्ह्यात धर्माचं शिक्षण देणाऱ्या इतरही जागा आहेत. रामटेकला १९९७ मध्ये सुरू झालेलं कवि कुलगुरु कालिदास संस्कृत विद्यापीठ आहे. कामठी रोडवर 'नागलोक'मध्ये बौद्ध तरुणांना धम्माचं आणि सामाजिक कामाचं प्रशिक्षण मिळतं. शहरात मदरसे आहेत, गुरुद्वारे आहेत.

या सगळ्या ठिकाणी शिकलेला माणूस पुढे मंदिरात, चर्चमध्ये, मशिदीत किंवा विहारात काम करतो आणि लोक त्याच्याकडे येतात. पण ज्यांना येताच येत नाही, त्यांचं काय? सीमेवरच्या चौकीत असलेला जवान, कॅन्सरच्या वॉर्डात पडलेला पेशंट, जेलमधला कैदी. या लोकांकडे धर्मगुरूनेच जावं लागतं. तिथे गेल्यावर समोरचा माणूस आपल्याच धर्माचा असेल, याची खात्री नसते. या कामाला जगभरात एक वेगळं नाव आहे आणि वेगळं प्रशिक्षणही आहे. नाव आहे चॅप्लेन.

आधी थोडक्यात

- चॅप्लेन म्हणजे सैन्य, हॉस्पिटल, जेल अशा ठिकाणी नेमलेला प्रशिक्षित धर्मगुरू किंवा आध्यात्मिक आधार देणारा माणूस.
- भारतात हे काम सर्वांत व्यवस्थित बसवलंय ते आर्मीने. तिथे पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री आणि बौद्ध भिक्खू भरती होतात आणि त्यांचं प्रशिक्षण पुण्यात होतं.
- आपल्या सरकारी हॉस्पिटलांमध्ये मात्र अशी जागा नाही. तिथे हे काम नातेवाईक, नर्स आणि समाजसेवा अधीक्षक यांच्या अंगावर पडतं.

'चॅप्लेन' हा शब्द आला कुठून?

चौथ्या शतकात रोमन सैन्यात मार्टिन नावाचा एक सैनिक होता. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला झगा अर्धा कापून दिला, अशी कथा सांगतात. पुढे तो बिशप झाला, संत मानला गेला. फ्रान्समधले राजे त्याचा उरलेला झगा युद्धावर जाताना सोबत नेत. लॅटिनमध्ये या झग्याला 'कॅपेला' म्हणत आणि तो सांभाळणाऱ्या पुरोहितांना 'कॅपेलानी'. त्यातूनच 'चॅपल' आणि 'चॅप्लेन' हे दोन्ही शब्द आले.

म्हणजे शब्दाची सुरुवातच सैन्यासोबत चालणाऱ्या माणसापासून होते. हा माणूस युद्धात असतो, पण त्याचं काम लढण्याचं नसतं. आंतरराष्ट्रीय कायद्यातही याची दखल आहे. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या कलम २४ मध्ये सैन्यासोबतच्या डॉक्टर-नर्सेसना जे संरक्षण दिलंय, तेच चॅप्लेनलाही दिलंय. कलम २८ सांगतं, की शत्रूच्या हाती सापडलेल्या चॅप्लेनला युद्धकैदी मानायचं नाही. कैदेतल्या सैनिकांना त्याची गरज असेल तेवढ्यापुरतंच त्याला ठेवून घेता येतं.

मिशनरी आणि चॅप्लेन एकच का?

नाही, आणि नागपूरच्या इतिहासात हा फरक नीट दिसतो.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. त्यांनी इथे शिक्षणाचं काम उभं केलं. पुढे १८८३ मध्ये त्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज सुरू झालं. मिशनरी आपला धर्म इतरांपर्यंत पोहोचवायला निघतो, ते त्याचं उघड ध्येय असतं.

त्याआधीच, १८२१ मध्ये, ब्रिटिशांनी नागपूरजवळ कामठीला छावणी वसवली होती. अशा छावण्यांमधल्या गोऱ्या सैनिकांसाठी ईस्ट इंडिया कंपनी पगारी चॅप्लेन ठेवत असे. रविवारची प्रार्थना, लग्न, बाप्तिस्मा, आजाऱ्याची विचारपूस आणि दफन ही त्याची कामं. नवीन माणसं धर्मात आणणं हे त्याचं काम नव्हतं. समोर जो आहे, जसा आहे, त्याला सांभाळणं हे होतं.

आजच्या व्यावसायिक चॅप्लेनसाठी तर हा पहिला नियम आहे. पेशंट, सैनिक किंवा कैदी अडचणीत असतो, परावलंबी असतो. अशा वेळी त्याच्यावर आपला धर्म लादणं हा व्यवसायाशी केलेला विश्वासघात मानला जातो.

भारतीय आर्मीत हे काम कोण करतं?

आर्मीत या पदाला 'रिलिजस टीचर' म्हणतात, थोडक्यात 'आरटी'. जवान मात्र पंडितजी, ग्रंथीजी, मौलवी साहेब, पाद्री अशाच नावांनी ओळखतात.

हे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर असतात. भरती होतानाच त्यांना नायब सुभेदाराचा हुद्दा मिळतो. शिपाई म्हणून भरती झालेल्या जवानाला या हुद्द्यापर्यंत यायला बरीच वर्षं घालवावी लागतात, त्यावरून या पदाचं वजन कळेल.

त्यांचं काम फक्त आरती आणि नमाजापुरतं असतं, असा आपला समज असतो. भरतीच्या जाहिरातीत दिलेली कामाची यादी वाचली तर चित्र बदलतं:

- युनिटच्या धर्मस्थळात पूजा-प्रार्थना आणि धर्मग्रंथांवर प्रवचन
- अंत्यसंस्काराला हजर राहणं
- हॉस्पिटलमधल्या आजारी जवानांना भेटणं, बरे होत असलेल्यांसोबत प्रार्थना करणं
- शिक्षा भोगत असलेल्या जवानांना भेटणं
- मुलांना धार्मिक शिक्षण देणं
- अधिकारी, जवान आणि त्यांच्या कुटुंबांची काळजी घेणं

आजारी, मरणारा, शिक्षा झालेला आणि मागे राहिलेलं कुटुंब. जगातल्या कुठल्याही चॅप्लेनच्या कामाची यादी साधारण अशीच असते.

भरतीसाठी काय लागतं?

उमेदवाराचं वय किमान २५ असावं लागतं आणि कुठल्याही शाखेची पदवी लागते. त्यावर ज्याच्या-त्याच्या धर्माची पात्रता:

- पंडित: संस्कृतमध्ये आचार्य, किंवा शास्त्री आणि सोबत कर्मकांडाचा एक वर्षाचा डिप्लोमा
- ग्रंथी: पंजाबीमध्ये ग्यानी
- मौलवी: अरबीमध्ये मौलवी आलिम किंवा उर्दूमध्ये अदीब आलिम
- पाद्री: चर्चच्या अधिकाऱ्यांकडून रीतसर दीक्षा आणि स्थानिक बिशपच्या मान्य यादीत नाव
- बौद्ध भिक्खू: मठाच्या प्रमुखाकडून दीक्षा आणि तसं प्रमाणपत्र

लेखी परीक्षेचे दोन पेपर असतात, एक सामान्य ज्ञानाचा आणि दुसरा स्वतःच्या धर्माचा. शिवाय वैद्यकीय तपासणी, मुलाखत आणि धावण्याची चाचणी. १६०० मीटर ८ मिनिटांत पार करावे लागतात. पंडितजी असोत की पाद्री, यातून सुटका नाही. जिथे जवान जाईल तिथे यांनाही जायचं असतं, मग ती बर्फातली चौकी का असेना.

एक गोष्ट मात्र या जाहिरातींमध्ये कायम दिसते. ही भरती फक्त पुरुषांसाठी असते. आर्मीत महिला अधिकारी आहेत, आता महिला अग्निवीरही आहेत. त्यांच्यासाठी महिला धर्मगुरू मात्र नाही.

पुण्यात काय शिकवतात?

निवडलेल्या धर्मगुरूंचं प्रशिक्षण पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. नावातच उद्देश आहे: राष्ट्रीय एकात्मता. वेगवेगळ्या धर्मांचे गुरू इथे एकत्र राहतात, एकत्र शिकतात.

याची गरज समजून घ्यायची असेल तर पुन्हा कामठीला या. ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचं केंद्र कामठीला आहे. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट वेगळ्या विचाराने बांधली गेली. ब्रिटिश काळात बहुतेक रेजिमेंट जात, धर्म किंवा प्रदेश बघून बनवल्या जात. गार्ड्समध्ये मात्र देशभरातून, सगळ्या समाजांमधून जवान घेतले गेले. अशा तुकडीत एकाच बराकीत हिंदू, शीख, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध जवान झोपतात, उठतात, जेवतात.

आता समजा अशा युनिटमध्ये पंडितजी नेमलेत. रात्री दोन वाजता एका ख्रिस्ती जवानाच्या घरून वडील गेल्याचा फोन आला. जवळपास पाद्री नाही. त्या क्षणी त्याच्याशेजारी जाऊन बसायचं कोणी? पंडितजींनीच. त्या वेळी त्यांना स्वतःचं कर्मकांड येतं की नाही याला फारसं महत्त्व नसतं. ख्रिस्ती घरात मृत्यूनंतर काय करतात, या मुलाला आत्ता काय ऐकायला नको वाटेल आणि गप्प कधी बसायचं, हे त्यांना कळायला हवं.

मंदिर-मशीद-गुरुद्वारा-चर्च एकाच छताखाली असलेली 'सर्वधर्म स्थळ' ही आर्मीतली कल्पना याच विचारातून आली. आठवड्याला जी 'मंदिर परेड' होते, तिलाही हुद्द्यानुसार सगळे हजर असतात. अधिकाऱ्याचा धर्म कोणताही असो, तो आपल्या जवानांच्या धर्मस्थळात त्यांच्यासोबत उभा राहतो.

यावरून वाद होत नाहीत का?

होतात. एक प्रकरण तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. शीख जवानांच्या स्क्वॉड्रनमधला एक ख्रिस्ती अधिकारी परेडला जवानांसोबत जायचा, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्याने नकार दिला. हे आपल्या श्रद्धेविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आर्मीने त्याला सेवेतून काढलं. मे २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आर्मीचा निर्णय कायम ठेवला.

यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, संविधानाच्या कलम २५ ने दिलेलं धर्मस्वातंत्र्य वर्दी घातली म्हणून संपत नाही. दुसरं म्हणतं, लढाईत ज्यांच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे, त्यांच्या श्रद्धेपासून अधिकाऱ्याला अंतर ठेवता येत नाही. तुम्हाला यातलं कुठलंही पटो, एक गोष्ट यातून कळते. आर्मी धर्माकडे फक्त खासगी बाब म्हणून बघत नाही, तुकडी एकसंध ठेवणारी गोष्ट म्हणूनही बघते. त्यामुळे तिथला धर्मगुरू दोन टोकांमध्ये उभा असतो. तो जवानाचा आधार असतो आणि त्याच वेळी कमांडिंग ऑफिसरच्या हाताखालचा कर्मचारीही असतो. हा ताण जगातल्या सगळ्याच सैन्यांतल्या चॅप्लेनना असतो.

नागपूरच्या बौद्धांसाठी भिक्खू आहे का?

हा प्रश्न नागपुरात तरी विचारायलाच हवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह दीक्षा घेतली ती याच शहरात. महार रेजिमेंटचा कामठीशी जुना संबंध आहे. १९४१ मध्ये पहिली बटालियन बेळगावात उभी राहिली आणि दुसरी १९४२ मध्ये कामठीत.

आर्मीच्या भरतीत बौद्ध भिक्खूचं पद आहे. पण जाहिरात नीट वाचली तर दिसतं, की ते महायान परंपरेतल्या भिक्खूसाठी आहे आणि लडाख स्काउट्ससाठी आहे. मठप्रमुखाकडे 'गेशे' वगैरे तिबेटी परंपरेतली पदवी असावी, अशीही अट असते. लडाखच्या जवानांसाठी हे योग्यच आहे, त्यांची परंपरा तीच आहे.

पण दीक्षाभूमीच्या परंपरेतला, बावीस प्रतिज्ञा मानणारा विदर्भातला भिक्खू या अटीत बसत नाही. म्हणजे विदर्भातला बौद्ध तरुण जवान म्हणून भरती होऊ शकतो, पण त्याच्या वंदनेची, त्याच्या अंत्यविधीची पद्धत घरातून शिकलेला भिक्खू या पदावर येण्याची वाट आजच्या नियमांत दिसत नाही. पदं कुठल्या युनिटमध्ये कुठले जवान आहेत यावर ठरतात, हे खरं. तरीही ही उणीव फारशी कोणी बोलून दाखवलेली नाही.

आता हॉस्पिटलकडे वळू: तिथला चॅप्लेन काय शिकतो?

सैन्याबाहेर चॅप्लेनचं सर्वांत मोठं क्षेत्र म्हणजे हॉस्पिटल. यासाठीच्या प्रशिक्षणाची गोष्ट १९२५ मध्ये अमेरिकेतल्या वुस्टर इथल्या मनोरुग्णालयात सुरू होते. अँटन बॉइसन नावाचे पाद्री काही वर्षांपूर्वी स्वतः मानसिक आजाराने हॉस्पिटलमध्ये होते. बरे झाल्यावर ते चॅप्लेन म्हणून मनोरुग्णालयात काम करू लागले आणि त्यांनी सेमिनरीच्या विद्यार्थ्यांना थेट वॉर्डात आणलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: पुस्तकं वाचता तसा समोरचा माणूसही वाचायला शिका.

यातून 'क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन' म्हणजे सीपीई ही पद्धत तयार झाली. अमेरिकेत सीपीईचं एक युनिट ४०० तासांचं असतं. प्रमाणित हॉस्पिटल चॅप्लेन व्हायचं तर साधारणपणे पदव्युत्तर शिक्षण आणि अशी चार युनिटं, म्हणजे १६०० तास, पूर्ण करावी लागतात. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चॅप्लेनचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथे सीपीईचं प्रशिक्षणही मिळतं.

या प्रशिक्षणाचा गाभा म्हणजे एक साधा व्यायाम. पेशंटला भेटून आल्यावर विद्यार्थ्याने पूर्ण संभाषण आठवून शब्दाला शब्द लिहायचं. मग ते गटात वाचायचं आणि आपण कुठे चुकलो हे सगळ्यांनी मिळून शोधायचं.

समजा, गोंदियाहून नागपूरला आलेले एक शेतकरी कॅन्सरच्या वॉर्डात आहेत. भेटायला गेलेल्या विद्यार्थ्याला ते म्हणतात, "मी कोणाचं काय वाईट केलं होतं, म्हणून हे माझ्या वाट्याला आलं?"

विद्यार्थी लगेच म्हणतो, "असं बोलू नका काका. देव परीक्षा घेतो. सगळं ठीक होईल."

आपण सगळेच असंच बोललो असतो. पण गटात यावर चर्चा होते तेव्हा तीन चुका निघतात. "असं बोलू नका" म्हणून काकांचं बोलणं बंद केलं. "देव परीक्षा घेतो" हे स्वतःचं उत्तर त्यांच्यावर टाकलं, काकांचा देवावर विश्वास आहे की नाही हे न विचारता. आणि "सगळं ठीक होईल" हे खोटं वचन दिलं. काकांच्या प्रश्नाची विद्यार्थ्याला भीती वाटली, म्हणून त्याने तो झटकन बुजवला.

दुसऱ्यांदा तो विचारतो, "किती दिवसांपासून हे मनात येतंय, काका?"

आणि गप्प बसतो. मग कदाचित काका सांगतात, की भावाशी जमिनीवरून भांडण झालं होतं. तो भाऊ आता बोलत नाही. मरायच्या आधी त्याला एकदा भेटायचंय.

आता खरं काम समोर आलं. पूजा नको, प्रवचन नको. भावाला फोन लावायला मदत हवी. १६०० तास घालवून चॅप्लेन मुख्यतः एवढंच शिकतो: उत्तर द्यायची घाई न करणं.

मग नागपूरच्या हॉस्पिटलमध्ये हे कोण करतं?

मेडिकल आणि मेयो ही नागपूरची दोन मोठी सरकारी हॉस्पिटलं. विदर्भासोबत मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही पेशंट इथे येतात. सोबतची माणसं व्हरांड्यात, झाडाखाली मुक्काम करतात. तिथे चॅप्लेन नावाचं पद नाही.

जवळचं पद आहे समाजसेवा अधीक्षकाचं. यांच्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी असते. नागपुरात मातृ सेवा संघाच्या आणि तिरपुडे समाजकार्य महाविद्यालयातून अशी मुलं-मुली शिकून बाहेर पडतात. पण प्रत्यक्षात त्यांचा बराच वेळ योजनांचे कागद, रेशन कार्ड, मदतनिधीचे अर्ज आणि बेवारस पेशंटची व्यवस्था यात जातो. "मी काय वाईट केलं होतं" या प्रश्नाशेजारी अर्धा तास बसायला त्यांच्याकडे वेळ कुठून येणार?

उरतं ते नर्सवर, नातेवाइकांवर आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसावर येतं. ते मनापासून करतात. पण शिकवलेलं नसल्यामुळे अनेकदा वर सांगितलेल्या तिन्ही चुका करतात. कधी गंडेदोरे आणि "हमखास उपाय" सांगणारेही याच पोकळीत शिरतात. कधी धर्मांतराचे आरोप होतात आणि खऱ्या मनाने भेटायला येणाऱ्यांकडेही संशयाने बघितलं जातं. नियम पाळणारा, ओळखपत्र असलेला, हॉस्पिटलला जबाबदार असलेला माणूस नेमला तर या दोन्ही गोष्टींना आळा बसू शकतो.

ही गरज वैद्यकशास्त्रानेही मान्य केलीय. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना कमी करण्याच्या उपचारांना पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत यात शरीर आणि मनाच्या दुखण्यासोबत आध्यात्मिक दुखण्याचाही समावेश आहे. भारत सरकारचा पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ मध्ये सुरू झाला.

आपल्याकडे ही परंपराच नाही का?

आहे, फक्त तिला पदाचं नाव नाही. नागपूरच्या प्रादेशिक कॅन्सर रुग्णालयाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. १९६२ च्या आणि १९६५ च्या युद्धांच्या वेळी तुकडोजी महाराज सीमेवर जाऊन जवानांसमोर खंजिरीवर भजनं गायले होते. १९६८ मध्ये त्यांचं निधन झालं, तेही कॅन्सरने.

वारीत, कीर्तनात, मयताच्या घरी रात्रभर होणाऱ्या भजनात दुःखी माणसाजवळ बसण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण ती गावात आणि नात्यात चालते. आयसीयूच्या दाराशी, अनोळखी शहरात, वेगळ्या भाषेच्या आणि वेगळ्या धर्माच्या माणसासोबत ती आपोआप चालत नाही. त्यासाठी नेमणूक लागते, प्रशिक्षण लागतं.

आणि जेलमध्ये?

अनेक देशांत जेलमध्ये पगारी चॅप्लेन असतो. आपल्याकडे हे काम बाहेरून येणाऱ्या संस्था करतात. १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून जास्त कैद्यांसाठी विपश्यनेचं मोठं शिबिर झालं. ही पद्धत शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंका यांचं मुख्य केंद्र आपल्याच इगतपुरीला आहे. ख्रिस्ती स्वयंसेवकांची 'प्रिझन मिनिस्ट्री इंडिया' ही संस्थाही देशभर काम करते. पण शिबिर दहा दिवसांनी संपतं, स्वयंसेवक संध्याकाळी घरी जातो. कैद्यासोबत वर्षभर राहणारा माणूस तिथे नसतो.

धर्म कशाला हवा? काउन्सेलर पुरेसा नाही का?

हा आक्षेप रास्त आहे. नैराश्य, आत्महत्येचे विचार, व्यसन यासाठी मानसोपचारतज्ज्ञच हवा. चांगला चॅप्लेन अशा माणसाला लगेच डॉक्टरकडे पाठवतो, कारण आपली हद्द ओळखणं हाही प्रशिक्षणाचा भाग आहे.

पण काही प्रश्न आजाराचे नसतात. "मला माफी मिळेल का?", "माझ्यामागे माझी क्रिया कोण करेल?", "ऑपरेशनआधी रोजा सोडला तर चालेल का?" या प्रश्नांसाठी औषध नाही आणि काउन्सेलरलाही अनेकदा उत्तर माहीत नसतं.

तसंच चॅप्लेन धार्मिकच असावा असंही आता राहिलेलं नाही. हार्वर्ड विद्यापीठातल्या सगळ्या धर्मांच्या चॅप्लेननी २०२१ मध्ये आपला अध्यक्ष म्हणून ग्रेग एपस्टीन यांना निवडलं. ते देव न मानणारे, मानवतावादी चॅप्लेन आहेत.

तुम्ही काय करू शकता?

हे काम करायचं असेल तर आर्मीच्या 'जॉइन इंडियन आर्मी' या अधिकृत वेबसाइटवर जेसीओ रिलिजस टीचरच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. पात्रता आणि वयाची अट प्रत्येक जाहिरातीत तपासा, ती बदलू शकते. अर्ज वेबसाइटवरच भरायचा असतो. पैसे घेऊन भरती करून देतो म्हणणाऱ्या एजंटपासून लांब राहा. हॉस्पिटलमध्ये काम करायचं असेल तर समाजकार्याची पदवी आणि पॅलिएटिव्ह केअरचं प्रशिक्षण ही आज उपलब्ध असलेली जवळची वाट आहे.

घरातलं कोणी हॉस्पिटलमध्ये असेल तर वॉर्डच्या सिस्टरला किंवा समाजसेवा अधीक्षकांना स्पष्ट विचारा: आमचे भंतेजी, मौलाना, फादर किंवा महाराज येऊन भेटू शकतात का, कोणत्या वेळी? इतर पेशंटना त्रास होणार नसेल तर बहुतेकदा मार्ग निघतो. फक्त आधी पेशंटला विचारा. त्याला कोणी यायला हवंय की नको, हे त्यानेच ठरवायचं असतं.

आणि कोणीच येऊ शकत नसेल तर तुम्ही बसा. "सगळं ठीक होईल" म्हणायच्या आधी एकदा विचारा, "मनात काय चाललंय?" मग उत्तर येईपर्यंत मोबाइल खिशात ठेवा.